कंसातलं वाक्य

'तीन वर्षांपूर्वी मी स्वतःशी ठरवलं, दर रविवारी एक लेख लिहायचा आणि ओळखीतल्या वीस-पंचवीस जणांना पाठवायचा. पहिली अडीच वर्षं मजेत गेली. गेले चार महिने मात्र एक ओळ लिहून झालेली नाही. विषयच सुचत नाही. रविवारी सकाळी आठला वही घेऊन बसते (आठ म्हणजे भिंतीवरच्या घड्याळातले आठ, खरे सात पन्नास, बाबांनी ते दहा मिनिटं पुढे लावलं होतं, त्यांना जाऊन चार वर्षं झाली, अजून ते पुढेच आहे आणि आम्ही सगळे मनातल्या मनात दहा वजा करतो) आणि दहाला उठून कपाट आवरायला घेते. माझं आयुष्य अगदी साधं आहे, त्यात लिहिण्यासारखं काही घडत नाही. जे सुचतं ते आधीच कुणीतरी माझ्यापेक्षा चांगलं लिहून ठेवलेलं असतं. घरच्यांविषयी लिहावं तर त्यांना काय वाटेल ही धास्ती. लिहिण्यासाठी शंभर विषय, अशा याद्याही वाचून झाल्या. वाचणारे विचारतात, हल्ली काही आलं नाही तुमचं? तेव्हा अपराधी वाटतं. लिहिणं सोडून द्यावं का?'
– रिकामी वही

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र मी लागोपाठ तीनदा वाचलं. पहिल्या वाचनात तुमची अडचण कळली. दुसऱ्या वाचनात एका वाक्यापाशी अडकले, आणि तिसऱ्यांदा वाचलं ते फक्त त्या वाक्यासाठी. ते वाक्य तुम्ही कंसात टाकलं आहे.

तुम्ही ते लिहिलंत ते केवळ खुलासा म्हणून. आठला बसते असं म्हटल्यावर तुमच्यातल्या प्रामाणिक माणसाला राहवलं नाही, खरी वेळ सांगून टाकावीशी वाटली. खुलासा करून तुम्ही पुढे निघून गेलात. मी मात्र तिथेच उभी आहे. एका घरात काही माणसं राहतात. भिंतीवरचं घड्याळ चुकीची वेळ दाखवतं हे त्या सगळ्यांना माहीत आहे. ते दुरुस्त करायला अर्धं मिनिट पुरे. चार वर्षांत कुणी ते केलेलं नाही. त्याऐवजी प्रत्येक जण दिवसातून पाच-दहा वेळा मान वर करतो, काटे बघतो आणि दहा वजा करतो. ज्यांनी काटे पुढे सरकवले ते घरात नाहीत, त्यांनी घालून दिलेली वजाबाकी मात्र रोज चालू आहे. आणि एवढं सांगून झाल्यावर लगेच पुढच्याच वाक्यात तुम्ही लिहिता, लिहिण्यासारखं काही घडत नाही!

म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. सोडू नका. तुमच्याकडे विषयांचा दुष्काळ पडलेला नाही. विषय येतात, पण ते विषयासारखे दिसत नाहीत म्हणून तुम्ही त्यांना दारातूनच परत पाठवता.

'विषय' हा शब्द आपल्याला शाळेने दिला. बाई फळ्यावर विषय लिहायच्या, आपण तो वहीत उतरवून त्याखाली रेघ मारायची, मग प्रस्तावना, मग दोन-तीन मुद्दे, मग समारोप. विषय नेहमी वरून यायचा, एक-दोन शब्दांत मावायचा आणि सगळ्या वर्गाला पुरायचा. त्या शिस्तीला मी नावं ठेवणार नाही, धड वाक्य लिहायला आपण तिथेच शिकलो. पण तिची एक सवय अंगात मुरते. मोठेपणी लिहायला बसलो तरी कुणीतरी फळ्यावर काहीतरी लिहील याची आपण वाट बघत राहतो. मग 'एकटेपणा', 'वेळेचं मोल', 'बदलती नाती' असे भारदस्त शब्द डोक्यात येतात, त्यांवर चार वाक्यं होतात, आणि ती चारही वाक्यं कुणाच्याही नावावर खपली असती. आपण वही मिटतो आणि म्हणतो, सुचत नाही. तुम्ही वाचलेल्या शंभर विषयांच्या याद्या म्हणजे तोच फळा, फक्त जास्त लांब. त्या उपयोगी पडल्या नाहीत याचं मला नवल वाटत नाही. ज्याने यादी केली त्याने तुमच्या घरातलं घड्याळ पाहिलेलं नाही.

मीही बरीच वर्षं हेच करत होते. माझ्या एका जुन्या वहीच्या शेवटच्या पानावर 'लिहायचे विषय' अशी यादी आहे. त्यात एका ओळीत 'मैत्री' लिहिलंय, पुढे दोन उद्गारचिन्हं. त्या दिवशी मला काहीतरी दिसलं असणार, लागलं असणार, त्याशिवाय उद्गारचिन्हं आली नसती. पण काय दिसलं ते मी लिहून ठेवलं नाही आणि आता ते कायमचं गेलं. 'मैत्री' या शब्दाकडे कितीही वेळ बघत बसले तरी तो मला काही परत देत नाही. त्याच वहीत मधल्या एका पानाच्या समासात, वेगळ्या शाईत, घाईघाईत लिहिलेली एक ओळ आहे: 'दोघी लिफ्टपाशी. आधी तुम्ही, नाही आधी तुम्ही. दार मिटलं. दोघी जिन्याने गेल्या, एक पुढे, एक बरीच मागे.' ही ओळ वाचली की आजही त्या दोघी माझ्यासमोर उभ्या राहतात. एकीच्या हातात कागदांची चळत होती आणि तिने ती छातीशी धरली होती. कधीकाळी त्यांचं एकमेकींशिवाय पान हलत नसे. मग काहीतरी बिनसलं, आणि तेव्हापासून त्या एकमेकींशी इतक्या अदबीने वागायला लागल्या की बघवत नसे. मैत्रीवर मला जे काही लिहिता आलं ते त्या समासातल्या ओळीतून आलं. पानभर यादीतून एक लेख झाला नाही.

तेव्हापासून मी एक पथ्य पाळते. वहीत विषय लिहायचा नाही, दिसलेलं लिहायचं. कोण होतं, हात काय करत होते, तोंडून नेमके कोणते शब्द निघाले. 'आई रागावली होती' असं लिहिलं तर महिन्याभराने त्यातून काही हाती लागत नाही. 'आईने कोरडा झालेला ओटा पुन्हा दोनदा पुसला आणि काही बोलली नाही' असं लिहिलं तर राग त्यात आहेच, शिवाय त्या दिवशीची आईही आहे. बोललेलं वाक्य असेल तर ते बोललं तसंच उतरवायचं, सुधारायचं नाही. माणसं चुकीच्या शब्दांत जे बोलून जातात ते सुधारलं की त्यातला जीव जातो.

आता प्रश्न असा की दिवसभरात हजार गोष्टी दिसतात, त्यातली कोणती टिपायची? कंसाकडे लक्ष ठेवा, असं मी तुम्हाला सांगेन. लिहिताना आपण जे कंसात टाकतो, बोलताना ज्याच्या आधी 'म्हणजे तसं विशेष काही नाही, पण' असं म्हणतो, फोन ठेवता ठेवता जे आठवतं आणि त्यापायी फोन आणखी वीस मिनिटं चालतो, ते. ज्या गोष्टीचा राग तिच्या मानाने फार जास्त आला, ती. जी गोष्ट तुम्ही एकाच आठवड्यात तीन वेगवेगळ्या माणसांना सांगितलीत, ती. या सगळ्या जागी मनाने आधीच निवड केलेली असते. आपण फक्त तिच्यावर सही करत नाही, कारण ती आपल्याला क्षुल्लक वाटते.

'जे माहीत आहे त्यावर लिहा' असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो अर्धाच पटतो. जे पुरतं माहीत आहे त्यावर लिहायला बसलं की हात शिकवण्याच्या सुरात जातो आणि लिहिणाऱ्यालाच कंटाळा येतो. रोजच्या ओळखीच्या गोष्टीतलं जे अजून कळलेलं नाही, तिथे लिहिण्याला जागा असते. घड्याळ तुम्हाला पाठ आहे. पण दहाच मिनिटं का? पाच का नाहीत, पंधरा का नाहीत? बाबांना कुठे पोचायला उशीर होण्याची भीती होती, की तुम्हा सगळ्यांवर त्यांचा भरवसा नव्हता? ते पुढे आहे हे सगळ्यांनाच माहीत असेल तर त्याचा उपयोग तरी काय होता? घरी पाहुणे येतात आणि घड्याळ बघून 'अरे, निघायला हवं' म्हणत घाईने उठतात, तेव्हा त्यांना खरी वेळ कोण सांगतं? कुणीच सांगत नाही असंही होतं का? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर लिहायला बसण्याआधी तुमच्याकडे तयार असायची गरज नाही.

साध्या आयुष्याबद्दल तुम्ही जे म्हणता त्यावर एक उदाहरण देते, कारण मला ते फार आवडतं. जॉर्ज पेरेक नावाचा फ्रेंच लेखक १९७४ च्या ऑक्टोबरमध्ये पॅरिसमधल्या सँ-सुल्पीस चौकात तीन दिवस जाऊन बसला. तिथलं चर्च, कारंजं, मोठ्या इमारती यांची वर्णनं आधीच होऊन गेलेली आहेत, ती त्याने मुद्दाम बाजूला ठेवली. त्याला टिपायचं होतं ते एरवी कुणी टिपत नाही ते: कोणत्या क्रमांकाची बस गेली, ती भरलेली होती की रिकामी, कुणाच्या हातात कसली पिशवी होती, कबुतरं एकदम का उडाली. वाचायला लागलं की पहिली दोन पानं वाटतं, यात आहे काय? मग हळूहळू त्या चौकाचा श्वास जाणवायला लागतो. बघणारा दमतो, त्याचं लक्ष उडतं, दुसऱ्या दिवशी त्याच जागी बसून तो कालच्या आणि आजच्यातला फरक शोधायला लागतो. काही घडलं नाही तेव्हा काय घडत होतं, याची ती नोंद आहे. तुम्ही तीन दिवस बसा असं मी म्हणत नाही. वीस मिनिटं पुरेत, कुठल्याही खिडकीत. दिसेल ते लिहा, मत लिहू नका. पहिली दहा मिनिटं रटाळ जातात, ती जाऊ द्यावीत. मी हे दर दोन-तीन महिन्यांनी करते आणि शेवटच्या पाच मिनिटांत काहीतरी हाती लागतंच. ते सहसा बाहेरचं नसतं. बाहेरचं बघता बघता आतलं काहीतरी सैल होतं.

'आधीच कुणीतरी चांगलं लिहून ठेवलंय' हे दुखणं मात्र खरं आहे आणि ते हसण्यावारी नेऊ नये. चांगलं वाचणाऱ्याला ते होतंच. फक्त त्याचा काळ बघा. वैयक्तिक निबंध हा प्रकार ज्याच्यापासून मानला जातो तो मिशेल द मोन्तेन्य १५७१ मध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी, न्यायालयातलं काम सोडून घरी येऊन लिहायला बसला. त्याच्याही आधी सगळं लिहून झालेलं होतं. ग्रीक आणि रोमन लेखक त्याला तोंडपाठ होते आणि त्याच्या जवळजवळ प्रत्येक निबंधात त्यांची वाक्यं जागोजागी येतात. त्याने ते लपवलं नाही. सेनेका असं म्हणतो, प्लुटार्क तसं म्हणतो, आणि मला मात्र झोपेच्या बाबतीत, वासाच्या बाबतीत, माझ्या स्वतःच्या नावाच्या बाबतीत असं वाटतं, असा त्याचा सूर. हाताच्या अंगठ्यावर त्याचा एक निबंध आहे, जेमतेम पानभराचा. १५८० मध्ये पुस्तक निघालं तरी त्याचं लिहिणं संपलं नाही. १५८८ च्या आवृत्तीच्या एका प्रतीच्या समासात तो १५९२ मध्ये मरेपर्यंत भर घालत राहिला. आपल्या भाषेतही विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पावात ना. सी. फडके, वि. स. खांडेकर, अनंत काणेकर यांनी लघुनिबंध लिहिला तेव्हा आपल्या सवयी, लहरी, हाताशी असलेल्या वस्तू, वाटेत भेटलेली माणसं हाच त्यांचा ऐवज होता. वडील जाण्यावर पुष्कळांनी लिहिलंय, तुमच्यापेक्षा चांगलंही लिहिलं असेल. दहा मिनिटं वजा करणाऱ्या तुमच्या घरावर कुणी लिहिलेलं नाही. विषय जितका मोठा घ्याल तितकी गर्दी, जितका बारीक कराल तितके तुम्ही एकट्या.

आणखी एक अडसर तुमच्या पत्रात उघड आलेला नाही, पण मला तो जाणवतो. दर रविवारी नवा विषय हवा असं तुम्ही धरून चाललात. का हवा? चार्ल्स डार्विनचं मला या बाबतीत फार अप्रूप आहे. १८३७ मध्ये त्याच्या मामाने त्याला एक शेत दाखवलं. तिथे काही वर्षांपूर्वी पसरलेली राख आणि चुना जमिनीखाली गेलेला होता, आणि हे काम गांडुळांचं असावं असं मामाचं म्हणणं. डार्विनने त्याच वर्षी त्यावर एक छोटा निबंध वाचला. मग १८४२ मध्ये घराजवळच्या शेतात खडूचे तुकडे पसरून ठेवले, आणि १८७१ मध्ये, २९ वर्षांनी, तिथे चर खणून पाहिलं. खडूची पांढरी रेघ सात इंच खाली गेली होती. मधल्या काळात त्याने जगाला हादरवणारी पुस्तकं लिहिली, पण गांडुळं सोडली नाहीत. गांडुळांच्या कुंड्या त्याने खोलीत ठेवल्या होत्या. त्यांच्यासमोर बॅसून नावाचं फुंकून वाजवायचं वाद्य मोठ्याने वाजवून पाहिलं, तर त्यांना पत्ता नाही. तीच कुंडी पियानोवर ठेवून एक पट्टी दाबली, तर ती झटकन बिळात शिरली. म्हणजे त्यांना ऐकू येत नाही, पण थरथर कळते. त्याचं गांडुळांवरचं पुस्तक १८८१ मध्ये आलं, पहिल्या निबंधानंतर ४४ वर्षांनी, आणि पुढच्याच वर्षी तो गेला.

हे मी एवढं लांबवलं कारण ती कुंडी आणि तो पियानो माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तुमच्या तीन वर्षांच्या लेखांमध्ये अशी गांडुळं नक्की असतील. एक काम करा. जुने सगळे लेख काढा, आणि सुधारण्यासाठी नव्हे तर कुतूहलाने वाचा. कोणती वस्तू, कोणती जागा, कोणतं माणूस पुन्हा पुन्हा डोकावतंय ते बघा. जिथे तुम्ही घाईने उरकलंत आणि 'असो' म्हणून पुढे गेलात, तिथे पेन्सिलने खूण करा. त्या प्रत्येक 'असो'च्या मागे एक न लिहिलेला लेख आहे. एकाच गोष्टीवर दुसऱ्यांदा, पाचव्यांदा लिहायला काही हरकत नाही. तुमच्या वाचकांना ते कळेल आणि आवडेलही. माणूस कशाकडे परत परत येतो, हे बघायलाच तर आपण कुणाचं लिखाण वर्षानुवर्षं वाचतो.

घरच्यांबद्दलची धास्ती. यावर मी जपून बोलणार आहे, कारण इथे माझ्या हातून चूक झालेली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मी माझ्या मोठ्या बहिणीच्या लहानपणच्या एका भीतीबद्दल लिहिलं. प्रेमाने लिहिलं होतं, नाव घेतलं नव्हतं, वाचणाऱ्यांना आवडलंही. बहिणीने वाचलं आणि एवढंच म्हणाली, 'ती गोष्ट माझी होती.' तिने भांडण केलं नाही. त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. तेव्हापासून लिहिताना मी स्वतःला तोच प्रश्न विचारते: ही गोष्ट कुणाची? माझ्यासोबत काय झालं, मला काय वाटलं, मी काय पाहिलं, हे माझं. दुसऱ्याने विश्वासाने सांगितलेलं, दुसऱ्याची लाज, दुसऱ्याचं आजारपण, ते त्याचं. मधल्या जागा पुष्कळ असतात आणि तिथे सरळ विचारावं, पाठवण्याआधी वाचायला द्यावं. नाही म्हणाले तर ऐकावं. तुम्ही करत असलेली वजाबाकी तुमची आहे, त्यासाठी कुणाची परवानगी नको. आई ती वजाबाकी करताना तिच्या मनात काय येतं, हे तिला विचारल्याशिवाय लिहू नका.

पण या धास्तीपायी लिहिणंच थांबवू नका. लिहिणं आणि पाठवणं ही दोन कामं आहेत. वर्षभरात लिहिलेल्यांपैकी निम्मंच पाठवलं तरी चालतं. उरलेलं वाया जात नाही. जे कधीच कुणाला दाखवायचं नाही असं ठरवून लिहिलं जातं, त्याने पुढच्या दाखवण्याजोग्या लेखाची वाट मोकळी होते.

आता रविवारची सकाळ. तुम्ही आठला बसता ते विषय शोधायला, आणि माझ्या मते सगळा घोटाळा तिथेच आहे. कोऱ्या पानासमोर बसून विषय शोधायला गेलं की मन परीक्षकाच्या खुर्चीत जाऊन बसतं आणि येणाऱ्या प्रत्येकाला नापास करतं. शोधणं आठवड्यात उरकून टाका. खिशात मावेल अशी छोटी वही ठेवा, किंवा फोनमध्ये लिहा, जे हाताला सोयीचं असेल ते. दिवसाला एक ओळ, दिसलेल्याची. गुरुवारी किंवा शुक्रवारी त्या ओळींवरून नजर फिरवा आणि एकीवर बोट ठेवा. निवड चुकली तरी चालेल, पण ती रविवारच्या आत झालेली असू द्या. मग रविवारी बसाल तेव्हा तुमच्यापुढे कोरं पान नसेल, एक ओळ असेल. त्या ओळीनेच सुरुवात करा. 'काळ कुणासाठी थांबत नाही' अशा दारातून आत शिरू नका, सरळ भिंतीपाशी जा आणि काटे कुठे आहेत ते सांगा. पहिली वीस मिनिटं खोडायचं नाही. अडकलात तर 'मला हे कळत नाही की' असं लिहा आणि वाक्य पुरं करा, हे पाच शब्द मला आजवर कित्येकदा उपयोगी पडलेत. दहा ओळींत संपलं तर दहा ओळी पाठवा. लेखाची लांबी कुणी ठरवून दिलेली नाही.

तरीही गाडी अडली तर कपाट आवरायच्या ऐवजी चालायला जा. हे मी केवळ माझ्या अनुभवावरून सांगत नाही. मॅरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये याचे प्रयोग प्रसिद्ध केले. एखाद्या साध्या वस्तूचे नवे उपयोग सुचवायला लोकांना सांगितलं, आधी बसून आणि मग चालताना. चालताना सुचणाऱ्या कल्पना सरासरी सुमारे ६० टक्क्यांनी वाढल्या. कोऱ्या भिंतीकडे तोंड करून यंत्रावर चालणाऱ्यांनाही हा फायदा झाला आणि नंतर खाली बसल्यावरही काही वेळ तो टिकला. मात्र ज्या प्रश्नाला एकच अचूक उत्तर असतं तिथे चालण्याचा उपयोग झाला नाही, उलट थोडं नुकसानच झालं. म्हणून सुचायला चाला, तपासायला बसा. चालताना फोनवर काही ऐकू नका एवढंच, मनाला थोडी रिकामी जागा हवी.

तुमचे वाचक विचारतात ते तगादा लावायला नव्हे. वीस-पंचवीस माणसं रविवारी तुमची वाट बघतात आणि लेख आला नाही तर त्यांना चुकल्यासारखं वाटतं, हे सुख फार थोड्या लिहिणाऱ्यांच्या वाट्याला येतं. त्यांना एक ओळ कळवून टाका: सध्या थांबले आहे, परत येईन. तारीख देऊ नका. अपराधीपण तेवढ्याने पुष्कळ उतरेल.

एक गोष्ट विचारू का? चार महिन्यांपूर्वी काय झालं? अडीच वर्षं मजेत लिहिणाऱ्या माणसाचे विषय एका ठरावीक रविवारी संपत नाहीत. कधी कधी एखादी अवघड गोष्ट मनाच्या दाराशी येऊन बसते, तिच्यावर लिहायचं धाडस होत नाही आणि ती मागच्या कुणालाच पुढे येऊ देत नाही. तसं असेल तर ती आधी लिहा, फक्त स्वतःसाठी, हवं तर लिहून फाडून टाका. आणि तसं काही नसेल, नुसता थकवा असेल, तर खरोखर विश्रांती घ्या. मग वर सांगितलेलं काहीही लगेच करायची गरज नाही.

तुमच्या पत्रातली वर्षं मी मोजली. बाबा गेले त्याला चार वर्षं झाली, तुम्ही लिहायला लागलात त्याला तीन. या तीन वर्षांत तुम्ही त्यांच्यावर किती लिहिलंत? माझा अंदाज आहे, फारसं नाही. ज्यांच्यावर मोकळेपणी लिहून झालेलं असतं ती माणसं कंसात येत नाहीत.

म्हणून येत्या रविवारी घड्याळावर लिहा. आणि बसण्याआधी घरात एक चौकशी करा. भिंतीवरचं घड्याळ सेलवर चालत असेल तर सेल चार वर्षं टिकत नाही. या काळात ते एकदा तरी बंद पडलं असणार. कुणीतरी स्टुलावर चढून ते खाली काढलं असणार, नवा सेल घातला असणार, काटे फिरवून वेळ लावली असणार. आणि ती लावताना बरोबर दहा मिनिटं पुढे लावली असणार. ते कुणी केलं?